शून्य टक्के वापर

“थांब. थांब. थांब.”

हा माझ्या आत्याचा आवाज. तो ऐकला तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि दगडखाणीच्या पत्र्याच्या ऑफिसात बाकावर पाय हलवत बसले होते. भिंतीवर खिळ्याला एक वॉकीटॉकी टांगलेला असायचा. त्यातून कधी म्हणजे कधीच काही ऐकू येत नसे, म्हणून तो बिघडलेला आहे अशी माझी समजूत. त्या दिवशी तो बोलला. तीनदा, एकाच पट्टीत. नुकतंच निजलेलं मूल उठू नये म्हणून दारातल्या माणसाला दटावावं, तसा. ओरडणं नाही, घाई नाही. खाणीच्या दुसऱ्या कडेला, आडोशाच्या भिंतीमागे, माझे वडील सुरुंगाच्या बटणावर हात ठेवून बसले होते. त्यांनी हात उचलला. एवढंच घडलं. सरपण वेचता वेचता धोक्याच्या रेघेच्या आत आलेली एक बाई मोळी सावरत बाहेर निघून गेली. कुणाच्या तीन शब्दांवर आपण घरी चाललो आहोत, हे तिला कळलंही नाही.

न घडलेल्या गोष्टीची नोंद कुणी ठेवत नाही. हे मला पुढे कळलं, माझ्याच नोकरीत, माझ्याच हातून.

खाणीतली पद्धत अशी. सुरुंग ठासून झाले की आधी भोंगा वाजतो. मग लाल निशाण चढतं. मग दहा मिनिटं सगळे गप्प. खाणीच्या काठावर उंच जागी पहारा बसलेला असतो. त्याच्याकडे वॉकीटॉकीचा एक सेट, सुरुंग उडवणाऱ्याकडे दुसरा, ऑफिसात तिसरा. त्या दहा मिनिटांत रेघेच्या आत माणूस दिसला, तर पहाऱ्याने तीनदा ‘थांब’ म्हणायचं. नाही दिसला, तर काहीही म्हणायचं नाही. सगळं ठीक आहे असं सांगायची रीतच तिथे नाही. शांतता हीच ठीक असल्याची खूण. सुरुंग उडवणाऱ्याने तर बोलायचंच नसतं. तारांनी जोडलेल्या सुरुंगाजवळ सेटचं बोलायचं बटण दाबलं, तर त्या लहरींनीच सुरुंग पेटू शकतो. म्हणून वडिलांच्या सेटवरचं ते बटण चिकटपट्टीचे चार वेढे देऊन कायमचं बंद केलेलं होतं. तो सेट नुसता ऐकायचा. सकाळी सेट तपासायचे तेही ऑफिसातच, एकमेकांच्या शेजारी धरून, अगदी कमी ताकदीवर. आवाज पत्र्याच्या बाहेर जात नसे.

काठावरची ती उंच जागा माझ्या आत्याची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून वडिलांनी तिला खाणीवर लावलं. घार बसावी तशी ती बसायची, डोक्यावर जुनी काळी छत्री धरून. बोलणं जुळवायची तिला खोड. चहा गाळतानासुद्धा दोन ओळी जुळायच्या. पहाऱ्यावरून उतरली की आपल्याशीच गुणगुणायची:

काठावर बसले मी, डोळे माझे तळाला,
बोलावं लागू नये गं आज माझ्या गळ्याला.

वडील गेले. त्यांच्या जागी दादा आला, माझा थोरला भाऊ. चिकटपट्टी लावलेला तोच सेट त्याच्या हातात आला. आत्या काठावर तीच. आणि मी शिकले, परीक्षा दिल्या, दूरच्या मोठ्या शहरात रेडिओ लहरींच्या वाटपाच्या कचेरीत मोजणी विभागात लागले.

आमच्या कचेरीच्या भिंतीवर एक तक्ता आहे, भिंतभर लांब. यूएचएफ पट्टा म्हणतात तो. तीनशे मेगाहर्ट्झपासून तीन हजारांपर्यंत, रंगीत चौकोनांचा, गोधडीसारखा. हा जांभळा टीव्हीचा. हा हिरवा मोबाइलवाल्यांचा, दरवर्षी शेजाऱ्याला ढकलत रुंद होणारा. हा निळा पोलिसांचा, हा रुग्णवाहिकांचा. नाटकाच्या नटाच्या केसांत दडवलेला माइक ह्याच पट्ट्यात बोलतो, आणि इस्पितळातल्या पेशंटच्या छातीला चिकटवलेलं यंत्र त्याच्या काळजाचे ठोके ह्याच पट्ट्यातून परिचारिकेच्या टेबलावर पाठवतं. चारशेच्या थोडं वर एक करड्या रंगाचा तुकडा आहे. हातात धरायच्या सेटचा. त्यात बारीक बारीक वाहिन्या, कंगव्याच्या दातांसारख्या. खाणीला तिथलीच एक वाहिनी मिळालेली होती, वडिलांच्याही आधीपासून. ह्या लहरी आखूड असतात. खडकावर आपटून, उसळून, खड्ड्यातून वर येतात. लांब लहरींना ते तितकं जमत नाही. तळ आणि काठ ह्यांचं जमायचं ते ह्याच तुकड्यात.

पूर्वी हे वाटप वहीत होतं. कुणाला काय हवं, कशाला हवं, ते माणूस माणसाला विचारून लिहायचा. मग वह्या संगणकात गेल्या आणि ‘कशाला’ हा रकाना गळाला. राहिला ‘किती’. मागणारे वाढले, पट्टा तेवढाच. तेव्हा नियम निघाला की जुन्या परवान्याचं नूतनीकरण करण्याआधी वाहिनी चौदा दिवस मोजायची. किती टक्के वेळ तिच्यावर आवाज आहे, ते बघायचं. वापर कमी असला तर विचार करायचा. शून्य असला तर विचारही करायचा नाही. वाहिनी रिकामी, परत घ्या, मागणाऱ्याला द्या.

खाणीच्या भागातली मोजणी माझ्याकडे आली.

त्याच वेळी सांगायला हवं होतं, साहेब, त्या खाणीत माझ्या घरची माणसं कामाला आहेत, दुसऱ्या कुणाला पाठवा. नाही सांगितलं. मी स्वतःची समजूत घातली की काम काम आहे; घरचं म्हणून सूट नको आणि घरचं म्हणून जाचही नको. घरी फोन करून सांगितलं, दौऱ्यावर चालले आहे, भलतीकडे. आणि खाणीसमोरच्या टेकडीवर यंत्राची गाडी उभी करून चौदा दिवस बसले.

गाडीच्या काचेतून समोर काठ दिसायचा. काठावर काळा ठिपका. आत्याची छत्री. चार वेळा सुरुंग उडाले त्या दिवसांत. चारही वेळा भोंगा ऐकला, निशाण चढलेलं पाहिलं, आणि कानांवर हेडफोन लावून त्या वाहिनीवर दहा दहा मिनिटं कानात प्राण आणून बसले. नुसती सूक्ष्म सरसर. मला ठाऊक होतं, ह्या क्षणी दोन माणसं एकमेकांना घट्ट धरून आहेत. एकाचा हात बटणावर, दुसरीचे डोळे तळावर. दोघांच्या मधली दोरी म्हणजे ही सरसर. आणि समोरच्या पडद्यावर यंत्र लिहीत होतं: शून्य. शून्य. शून्य.

अहवालाच्या शेवटी ‘शेरा’ असा रकाना असतो. त्यात माणसाने लिहायचं असतं, जे यंत्राला कळलं नाही ते. मी चार ओळी लिहिल्या होत्या. ही वाहिनी धोक्याच्या इशाऱ्यासाठी राखलेली आहे. येथे शांतता हाच वापर होय. मग पेनाची टोपी लावली. मग काढली. मग तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला आणि दुसऱ्या कागदावर लिहिलं: निरंक.

आमच्या साहेबांना हा शब्द फार आवडतो. कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे निरंकसाहेब म्हणतात. शेरा लिहिलेली फाइल चार टेबलं जास्त फिरते, निरंक फाइल सरळ जाते. अहवालावर मोजणाऱ्याचं नाव नसतं, क्रमांक असतो. माझा नऊ. साहेबांनी अहवाल उलटून पालटून पाहिला आणि मान डोलावली. अशी मोजणी हवी, म्हणाले.

वाहिनी गेली एका गोदामवाल्या कंपनीकडे. खाणीपासून चार मैलांवर तिचं भलंमोठं गोदाम उभं राहिलं होतं, शेकडो माणसं दिवसभर पेट्या हलवणारी, प्रत्येकाच्या खांद्याला सेट. टेकडीवर कंपनीचा मनोरा, आत्याच्या सेटपेक्षा कैक पटींनी ताकदवान. आधी सहा महिन्यांची तात्पुरती परवानगी, त्या मुदतीतच सुनावणी होऊन कायमची. खाणीला पत्र गेलं की नूतनीकरण नाकारलं आहे, अर्ज केल्यास दुसरी वाहिनी यथावकाश मिळेल, तोवर हीच वाटून वापरावी. ‘यथावकाश’ हा आमच्या कचेरीचा दुसरा आवडता शब्द.

पहिल्या आठवड्यातच दादाच्या सेटवर गोदाम बोलायला लागलं. तिसऱ्या गेटला दोन ट्रक लागलेत. सकाळच्या पाळीला जेवायला सोडा. अरे त्या लांबड्याला सांग, शिडी परत आणून ठेव. दादाने बटणावरचा हात उचलला. शांतता नाही, तर सुरुंग नाही. चाळीस मिनिटं तो तसाच बसला. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. खाणीने आमच्या कचेरीला तक्रार लिहिली. तिचं उत्तर निरंकसाहेबांनी दोन ओळींत दिलं: सेटमध्ये सुराची गाळणी बसवून घ्यावी.

ही गाळणी म्हणजे काय, ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. बोलणाऱ्याच्या सेटमधून बोलण्याखाली एक मंद सूर जात राहतो, कानाला न कळणारा. ऐकणारा सेट तेवढा सूर ओळखतो. आपला सूर असला तर आवाज बाहेर सोडतो, परका असला तर तोंड मिटून बसतो. म्हणजे परक्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण परका बोलायचा थांबत नाही. हवेत त्याची लाट असतेच, आणि दोन लाटा एकदम आल्या की मोठी लाट लहानीला गिळते. गाळणी त्यांचं तोंड बंद करत नाही. आपला कान बंद करते.

मी हे साहेबांना सांगायला गेले. इतपत धीर मला झाला. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, “तुम्हाला एवढं काय पडलंय त्या खाणीचं?” प्रश्न साधाच होता. त्याचं खरं उत्तर एका वाक्याचं होतं. मी म्हटलं, काही नाही सर, आपलं तांत्रिक म्हणून बोलले. आणि जागेवर येऊन बसले.

दादाने तिन्ही सेटांत गाळणी बसवून घेतली. कचेरीने सांगितलं आहे म्हणजे बरोबरच असणार, त्यातून आपली बहीण त्याच कचेरीत आहे, असं तो म्हणाला म्हणे. सेट पुन्हा गप्प झाले. आत्याला हायसं वाटलं. जुनी शांतता परत आली, असं तिला वाटलं. ती शांतता नव्हती. ते मिटलेल्या तोंडाचं मुकेपण होतं, आणि दोन्हींचा आवाज अगदी एकसारखा.

तिसऱ्या आठवड्यात ते झालं. भोंगा वाजला, निशाण चढलं. खाणीत हवेच्या दाबाचं यंत्र चालवणारा एक माणूस आहे, कंप्रेसरवाला म्हणतात त्याला, वडिलांच्या वेळचा. तो चष्मा यंत्रावर विसरून आला होता. चष्म्याशिवाय त्याला दाबाचा काटा दिसत नाही. दोन मिनिटांत आणतो म्हणून उलटा फिरला आणि रेघेच्या आत गेला. आत्याने पाहिलं. सेट तोंडाशी धरून तीनदा म्हणाली. खाली दादाचा हात हलला नाही, तो बटणावरच. तिने पुन्हा तीनदा म्हटलं, पुन्हा तीनदा. त्याच वेळी मनोऱ्यावरून कुणीतरी कुणाला सांगत होतं की पुठ्ठ्याचे खोके ओले झालेत, वरच्या फळीवर टाका. ते खोके आत्याच्या आवाजावर पडले. दादाचा सेट तोंड मिटून होता. दहा मिनिटं भरली. दादाने बटण दाबलं.

कंप्रेसर मध्ये होता म्हणून तो माणूस वाचला. दगडाचे तुकडे लोखंडावर बसले. पण उजव्या कानाचा पडदा गेला, आणि तो कान आता पुन्हा ऐकणार नाही.

मी घरी गेले. आत्या ओट्यापाशी चहा ठेवत होती आणि चहा गाळताना गप्प होती. उभ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा चहा गाळताना गप्प पाहिलं. दादा उंबऱ्यात बसून आपल्या उजव्या हाताकडे बघत होता, हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा. तो मला म्हणाला की काठावरून नऊ वेळा हाक आली आणि मला एकदाही ऐकू आली नाही, ताई, माझंच काही चुकलं का. थोरला भाऊ मला ताई म्हणतो, लाडाने, लहानपणापासून. मी म्हटलं, नाही दादा, तुझं काही चुकलं नाही. त्यापुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. आत्याने कप पुढे केला. मी चहा प्यायले. वाक्यही चहाबरोबर गिळलं.

आत्या मात्र पेटली होती. नुसतं बघू, करू, असं तिच्या स्वभावात नाही. तिला एकच हवं होतं: वाहिनी परत. सुनावणी दोन आठवड्यांवर होती. त्या दिवशी वाहिनी कायमची कंपनीला गेली की गेली. तिने मला विचारलं, तुमच्या त्या कचेरीत बायामाणसांना बोलू देतात का. देतात, म्हटलं. “मग मी येते,” म्हणाली. “आणि हे बघ, तू मध्ये पडू नकोस. तुझी नोकरी आहे. आम्ही तुझे कुणी नाही असंच समज तिथे.” तिने हे मायेने म्हटलं. मी तसंच समजून चार महिने काढले होते.

सुनावणीची खोली लांबट. मध्ये चकचकीत टेबल, दोन्ही बाजूंना खुर्च्या, प्रत्येकीपुढे पाण्याचा पेला आणि एक माइक, जो मधूनच शीळ घालायचा. वर बसलेल्या अध्यक्षबाई थकलेल्या दिसत होत्या; सकाळपासूनचं हे त्यांचं सातवं प्रकरण. एका बाजूला कंपनीचा माणूस, इस्त्रीची घडी न मोडलेला. दुसऱ्या बाजूला आत्या, दादा आणि कंप्रेसरवाला. कंप्रेसरवाला जो बोलेल त्याच्याकडे डावा कान वळवत होता, त्यामुळे तो सारखा कुणाची तरी बाजू घेतो आहे असं वाटत होतं. मी निरंकसाहेबांच्या मागच्या खुर्चीत, मांडीवर फाइल. आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. शब्दाला जागली ती.

कंपनीच्या माणसाने फार गोड भाषेत मांडलं. अपघाताचं त्यांनाही वाईट वाटलं होतं. पण त्यांच्याकडे रीतसर परवानगी, मोजणी झालेली, वाहिनी रिकामी निघालेली. दिवसाकाठी ते तिच्यावर साडेसहा तास बोलतात. ज्यांना ती पाहिजे आहे ते वर्षाकाठी किती बोलतात, असं त्याने विचारलं, आणि हे विचारताना तो खरंच कोड्यात पडल्यासारखा दिसत होता. लहरी ही सगळ्यांची संपत्ती, ती पडीक ठेवणं हा समाजाचा तोटा, असंही म्हणाला.

आत्याला माइक कसा धरायचा ते कळेना. तिने तो सेटसारखा तोंडाशी नेला. तिच्या आवाजाला घाई नव्हती, पण आतून तो तापलेल्या तव्यासारखा झाला होता.

“बाई, तीस वर्षं मी त्या काठावर बसते,” ती म्हणाली. “तीस वर्षांत अकरा वेळा बोलले. अकरा माणसं आपल्या पायांनी घरी गेली. ह्याचे किती टक्के होतात, ते मला ह्या शहाण्या माणसाकडून काढून हवेत.”

कंपनीचा माणूस पेल्यातलं पाणी प्यायला.

आत्या पुढे बोलत राहिली. बाराव्या वेळेचं बोलली. नऊ हाका कशा गेल्या आणि त्यांच्यावर ओले खोके कसे येऊन पडले, ते नंतर तिला कुणीतरी सांगितलं होतं, तेही बोलली. आग विझवायच्या बादलीत वर्षभर पाणी तसंच असतं म्हणून ती कुणी धुणं भिजवायला नेत नाही, म्हणाली. शेजारणीच्या घरातून आवाज येत नाही म्हणून तिची खोली दुसऱ्याला देऊन टाकायची का, आणि दिलीत, तर निदान आधी दार वाजवून बघायचं की नाही. “आमच्याकडे दार वाजवायला कोण आलं होतं?” तिने विचारलं. “खाणीवर कुणी आलं नाही. एका माणसाने विचारलं असतं, बाई, ही छत्री धरून इथे काय करता, तर मी सांगितलं असतं. अर्ध्या कप चहाचं काम होतं ते.”

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी निरंकसाहेबांना विचारलं की मोजणी करताना ही धोक्याच्या इशाऱ्याची वाहिनी आहे हे लक्षात आलं नव्हतं का. साहेब उठले. मोजणी यंत्राने होते, यंत्राचा दोष नाही, म्हणाले. वापर शून्य टक्के, शेरा निरंक. खाणीने गाळणी चुकीची बसवली असण्याचीही शक्यता आहे, असंही जोडलं. तेव्हा दादाने मान खाली घातली. ती मान खाली जाताना मी पाहिली.

आत्याने साहेबांना विचारलं, “यंत्राजवळ माणूस होतं की नाही?”

होतं, साहेब म्हणाले. मोजणीदार क्रमांक नऊ.

“त्याला बोलवा की मग. मला त्याला काही बोलायचं नाही. त्याला कान आहेत की नाहीत, तेवढं बघून जाते.”

मोजणीदाराचं नाव उघड करता येत नाही, तसा नियम आहे, साहेब म्हणाले. माझ्याकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. क्रमांक नऊ कोण हे त्यांना माहीत होतं. ही म्हातारी माझी कोण, हे माहीत नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, नोंदीत शेरा नसेल तर समितीला नोंदीप्रमाणेच जावं लागेल, इलाज नाही. दुसरं काही सांगायचं असेल तर आत्ता सांगा. त्यांनी टेबलाच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि फाइल जवळ ओढली.

इतका वेळ माझी सगळी चीड साहेबांवर होती, कंपनीवर होती, त्या तक्त्यावर आणि त्या हरामखोर शून्यावर होती. दादाची खाली गेलेली मान पाहिल्यावर ती वळली, आणि तिला जिथे यायचं होतं तिथे आली. मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज माइकने पकडला. साहेब दबक्या आवाजात बसा म्हणाले. पर्स उघडली. चार महिने त्यात पडून घडीवर फाटत आलेला कागद काढून अध्यक्षबाईंसमोर ठेवला. त्यावर माझी सही होती, तारीख होती, आणि त्या चार ओळी.

“क्रमांक नऊ म्हणजे मी,” मी म्हटलं. “हा शेरा मी त्याच दिवशी लिहिला होता आणि मीच काढून घेतला. ती वाहिनी कशाची आहे, हे मला आठ वर्षांची असल्यापासून माहीत आहे. सुरुंगाच्या बटणावर ज्याचा हात होता तो माझा भाऊ आहे. त्याची गाळणी बरोबर बसवलेली होती. चूक आमच्या पत्रात होती, तेही मला तेव्हाच कळलेलं होतं.”

अध्यक्षबाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि फाइलवर ठेवला. मग विचारलं की हे लपवलं का. घरचं प्रकरण म्हणून पक्षपात होईल अशी भीती वाटली का. खऱ्या कारणाच्या अलीकडेच टेकायला त्यांनी मला चांगली जागा काढून दिली होती. कचेरीतले सगळे तेच समजले असते, आणि मीही चार महिने तेच समजत आले होते.

कंप्रेसरवाल्याने डावा कान माझ्याकडे वळवला. दादाने मान वर केली. आत्या आता सरळ माझ्याकडे बघत होती, काठावरून तळाकडे बघायची तशी, पापणी न लववता. मी अध्यक्षबाईंना उत्तर दिलं नाही. तिला दिलं.

“नाही आत्या, भीती नव्हती. गाडीच्या काचेतून मला तुझी छत्री दिसत होती. चौदा दिवस दिसत होती. मी खाली आले नाही आणि लिहिलंही नाही, कारण इथे सगळ्यांना मी सांगितलं होतं की माझे वडील मास्तर होते. तुम्ही माझी माणसं आहात हे कुणाला कळू नये, असं मला वाटत होतं.”